मोहरीचा पिवळा डबा

कीली ॲशवर्थला त्या मुलाखतीतून काय मिळणार होतं, याचा हिशेब मी पहिल्याच दिवशी मांडून ठेवला होता. माझी खोडच आहे ती. उन्हाळ्यातले दहा आठवडे लंडनच्या एका मोठ्या गुंतवणूक बँकेत इंटर्नशिप. तिचा बाप सुपरमार्केटची व्हॅन चालवून सहा महिन्यांत मिळवतो तेवढा पगार त्या दहा आठवड्यांत. आणि दहा आठवडे नीट पार पडले, तर शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायच्या आधीच कायमची नोकरी खिशात. यातलं तिला नेमकं काय हवं होतं, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. पण 'हीच बँक का?' या प्रश्नाखाली तिनं सरावाच्या कागदावर एक वाक्य लिहून खोडलं होतं. कागद खिडकीकडे धरला तर ते वाचता येत होतं: 'म्हणजे बाबांना पहाटे चारला उठावं लागणार नाही.'

मी युनिव्हर्सिटीच्या करिअर विभागात एकोणीस वर्षं आहे. मुलांच्या लुटुपुटीच्या मुलाखती घ्यायच्या, हे माझं काम. 'तुमच्या एखाद्या अपयशाबद्दल सांगा,' असं मी आजवर काही हजार वेळा म्हटलं असेन. उत्तरं दोनच जातींची येतात. एक, 'मी कामात फारच चोख आहे, हाच माझा दोष.' दुसरं, नौकानयनाच्या संघात कप्तान असताना हरलो आणि त्यातून नेतृत्व शिकलो. आमच्या गावात एवढ्या नावा कधी बुडाल्या, कुणास ठाऊक.

कीली रॉचडेलची, डर्मट लॅव्हरी न्यूरीचा. दोघं दुसऱ्या वर्षाला, एकाच भाड्याच्या घरात राहणारी. दर सोमवारी आणि गुरुवारी माझ्या सहा नंबरच्या खोलीत येऊन एकमेकांची मुलाखत घ्यायची. त्यांचा एक नियम होता: उत्तरात 'मला या क्षेत्राची प्रचंड ओढ आहे' असं जो म्हणेल, त्यानं दुसऱ्याला बिस्किट द्यायचं. डर्मटचा पुडा कायम संपत आलेला असे.

"घसारा दहानं वाढला," डर्मट टेबलावर पेन आपटत विचारी. "रोख रकमेचं काय होईल?"

"कर वीस टक्के धरला तर दोननं वाढेल."

"बरोबर. पण तू मयताला आल्यासारखी काय सांगतेस? जरा हस की. रोख वाढली ना?"

"तुझ्या तोंडाकडे बघून हसू येतं म्हणून मी भिंतीकडे बघते."

"लिनेट, ऐकताय ना? आणि हिला बँकेत घेणार म्हणे." तो माझ्याकडे वळे.

घसारा, ताळेबंद, कंपनीचं मोल काढायच्या तीन पद्धती, हे सगळं तिला डर्मटपेक्षा चांगलं येत होतं. अडत होतं ते अपयशापाशी. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की ती तीन वाक्यांत संपायची. शेवटी ऑक्टोबरात एका गुरुवारी डर्मटच वैतागला.

"अगं, तुझ्या बापाचं मासे-चिप्सचं दुकान होतं ना? ते बंद पडलं ना? मग अपयश कुठे शोधत फिरतेस?"

"ते काय बँकेत सांगायचं?"

"मला सांग. बँकेचं मग बघू."

तिनं सांगितलं. दुकान बंद पडायच्या आधी, सोळाव्या वर्षी तिनं त्याचा सगळा जमाखर्च स्वतः मांडला आणि माशाचा भाव चाळीस पेन्सनं वाढवायला बापाला भाग पाडलं. आकडे अगदी बरोबर होते. पुढच्या शुक्रवारी म्हातारी गिऱ्हाइकं यायची बंद झाली. पंधरा दिवसांनी ती वॉल्टर क्लेग नावाच्या आजोबांच्या दारात गेली आणि विचारलं, का येत नाही? आजोबांनी फडताळातून मोहरीचा पिवळा पत्र्याचा डबा काढून दाखवला. पेन्शनच्या दिवशी ते चार शुक्रवारांची मोजकी नाणी त्यात टाकून ठेवत. चाळीस पेन्स कमी पडत होते. लहान तुकडा मागायची लाज वाटत होती. म्हणून ते शुक्रवारी पाव आणि लोणी खात होते.

"मग मी लहान तुकडा कापायला लावला, जुन्या भावात," कीली म्हणाली. "फळ्यावर म्हाताऱ्यांसाठी वगैरे काही लिहिलं नाही. नुसतं 'शुक्रवारचा तुकडा'. आले सगळे परत. मी आमचे आकडे मोजले होते, त्यांचे मोजलेच नव्हते."

डर्मटनं आपल्या पुड्यातलं उरलेलं एकमेव बिस्किट तिच्याकडे सरकवलं.

"हेच सांगायचं," तो म्हणाला. "दुसरं काही सांगितलंस तर तुझ्या वाट्याचं घरभाडं वाढवीन."

त्या दिवशी मी भराभर टिपणं घेतली. एकोणीस वर्षांत इतकं खरं उत्तर माझ्या खोलीत कुणी दिलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी 'नमुन्याची उत्तरं' या आमच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती करत होते. नाव काढलं, गाव काढलं, दुकानाच्या जागी 'कुटुंबाचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय' लिहिलं. डबा मात्र ठेवला. डबा काढला असता तर उत्तरात जीवच उरला नसता. उलट समासात मी लिहिलं: 'अशा एखाद्या बारीक तपशिलानं उत्तर लक्षात राहतं.' पान चार. पुस्तिका मेलनं साडेसहाशे मुलांना गेली. कीलीला विचारायला हवं होतं का? नावनोंदणीच्या फॉर्मवर, 'सेवा सुधारण्यासाठी माझ्या मुलाखतीतला मजकूर वापरता येईल,' या ओळीपुढे तिनं खूण केली होती. सगळेच करतात. आणि आमच्या मेल कुणी उघडत नाही, असं मीच सभांमधून रडत असते. कीलीनंही उघडली नाही. तिला काय गरज? ती तर प्रत्यक्ष येत होती.

बँकेनं आमच्याकडच्या पाच जणांना बोलावलं. चौघांना बुधवारी, त्यांत डर्मट. कीलीला एकटीला गुरुवारी सकाळी. बुधवारी संध्याकाळी तिनं लंडनच्या गाडीत बसल्यावर डर्मटला फोन केला. काय विचारलं, कसे होते, हसले का. त्यानं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "तू चिप्सच्या दुकानाची सांग. डोळे मिटून सांग. काम होईल."

गुरुवारी काय झालं, ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं. समोर दोघं होते, एक बाई आणि एक तरुण. घसारा झाला, ताळेबंद झाला, बाईंनी दोनदा मान डोलावली. मग अपयश आलं. कीलीनं सुरुवात केली. भिंतीकडे न बघता सांगितलं. पेन्शनच्या नाण्यांपर्यंत आली, तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं.

"डबा पिवळा होता का?"

"हो," कीली म्हणाली. तिला आनंदच झाला. "तुम्हाला कसं कळलं?"

"काल सकाळी तो टनब्रिजला एका बेकरीत होता. दुपारी नॉर्विचला, फुलांच्या दुकानात."

तो तरुण हसला. बाई हसल्या नाहीत. त्या सौजन्यानं म्हणाल्या, "तुमची स्वतःची एखादी गोष्ट आहे का, मिस ॲशवर्थ? वेळ आहे अजून."

वेळ होता. पण सहा आठवडे कीलीनं हीच घोटली होती, आणि हिच्याखेरीज तिच्याकडे दुसरी नव्हती.

शुक्रवारी सकाळी अकराला डर्मट माझ्याकडे चॉकलेटचा मोठा डबा घेऊन आला. बँकेचा फोन आला होता, जागा त्याला मिळाली होती. मी नोंदवहीत त्याच्या नावापुढे खूण केली. आमच्या विभागाकडून दरवर्षी अशा खुणा मोजून घेतल्या जातात, आणि या वर्षी मोठ्या बँकेत लागलेला आमचा तो पहिलाच. तेवढ्यात कीली आत आली. अंगावर कालचाच मुलाखतीचा कोट, खांद्याला पिशवी. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"किती जणांना सांगितलीस?" तिनं डर्मटला विचारलं.

"काय?"

"क्लेग आजोबांची गोष्ट. नॉर्विचला डबा काय उडत गेला?"

"मी कुणालाही सांगितली नाही. आईची शपथ."

"आईला मध्ये आणू नकोस. त्या खोलीत तिघंच होतो. मी, तू आणि लिनेट. लिनेट कशाला सांगतील?"

इथे मी थोडा वेळ गप्प बसले. किती वेळ, ते नेमकं सांगायचं तर तिनं त्याला चोर, भामटा आणि बिस्किटचोर म्हणून होईपर्यंत. तो लाल होत गेला आणि मला वाटलं, आता याच्या डोळ्यांत पाणी येईल. तेव्हा मी खणातून पुस्तिका काढली आणि चौथं पान उघडून तिच्यासमोर ठेवलं.

तिनं उभ्यानंच वाचलं. समासातली माझी ओळही वाचली.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"तू फॉर्मवर खूण केली होतीस," मी म्हणाले. माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. माफीचं तिसरं की चौथं होतं.

तिनं माझ्याशी भांडण केलं नाही. पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली आणि डर्मटकडे वळली. "सॉरी. मी तुला काय काय बोलले. रात्रभर तुलाच शिव्या घातल्या मी."

डर्मटचा जीव भांड्यात पडला. इतका पडला, की तो नको ते बोलून गेला. "अगं सोड. मीही असाच उडालो होतो. आपल्याकडचा तो जोलियन तिथं बाहेरच्या खोलीत बसून मोबाइलवर हेच पान पाठ करत होता. म्हटलं, हा तर आपल्या कीलीचा डबा."

"तिथं म्हणजे?"

तो थांबला. पण पुढे गेलेली जीभ मागे घेता येत नाही.

"बँकेत?" कीलीनं विचारलं. "बुधवारी?"

"दुपारी. म्हणजे, बाराच्या सुमाराला."

"मी तुला फोन साडेसहाला केला."

खोलीत रेडिएटर टकटक करत होता. मी नोंदवही मिटली.

"तू म्हणालास, चिप्सच्या दुकानाची सांग," ती म्हणाली. "डोळे मिटून सांग म्हणालास."

"एकच जागा उरली होती, कीली. जेवताना त्यांनी आम्हाला सांगितलं. त्यांनी मला अपयशाचं विचारलं तेव्हा माझी तर फे फे उडाली होती. आणि घसारा तुझा माझ्यापेक्षा चांगला, हे तुलाही माहीत आहे."

"मग गप्प बसायचंस. सांग कशाला म्हणालास?"

त्यानं उत्तर द्यायला नको होतं. पण आम्ही त्याला वर्षभर हेच शिकवलं होतं: प्रश्न आला की उत्तर द्यायचं, सरळ आणि मुद्देसूद.

"नुसता गप्प बसलो असतो तर तुला शंका आली असती," तो म्हणाला. "तू दुसरं काहीतरी सांगितलं असतंस."

कीलीनं मान डोलावली, बुधवारी त्या बाईंनी त्याच्यासमोर डोलावली असेल तशी. "पटण्यासारखं आहे. चांगला शोभशील तू तिथे."

तो गेला. चॉकलेटचा डबा तसाच माझ्या टेबलावर राहिला. मला वाटलं, तीही जाईल. ती खुर्चीत बसली, पिशवीत हात घातला आणि एक पत्र्याचा डबा काढून त्या चॉकलेटच्या डब्याशेजारी ठेवला. पिवळा, कोपऱ्यावर गंजलेला, झाकण थोडं वाकलेलं. आत काही नव्हतं.

"आजोबा गेल्यावर त्यांच्या मुलीनं आणून दिला," ती म्हणाली. "काल बरोबर होता. शुभ म्हणून नेला होता."

"अगं, मग काढून दाखवायचास ना त्यांना. तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं."

"हात घातला होता पिशवीत. मग वाटलं, या म्हणतील, ही तर सामानासकट आली."

मी म्हणाले, पुढच्या आवृत्तीतून ते पान काढीन. बँकेला पत्र लिहीन. ती म्हणाली, लिहा. पत्र मी खरंच लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: आभारी आहोत, यंदाची निवड पूर्ण झाली आहे, आपल्या विद्यार्थ्यांची तयारी उल्लेखनीय होती. हे उत्तर वरिष्ठांनी विभागाच्या वार्षिक अहवालात घेतलं, फक्त शेवटचं वाक्य.

तेव्हा हिशेब असा. डर्मटला दहा आठवडे मिळाले, आणि त्यानंतर नोकरीही. त्या दोघा डबेवाल्यांना काही मिळालं नाही, पण त्यांचं गेलंही नाही. त्यांनी तो डबा कधी पाहिलाच नव्हता. विभागाला एक खूण मिळाली. मला अहवालात एक वाक्य मिळालं आणि चॉकलेटं, ती मी फेब्रुवारीपर्यंत पुरवून खाल्ली. रॉचडेलच्या व्हॅनचा गजर अजून पहाटे चारलाच होतो.

कीली जानेवारीत एकदा आली होती, दुसऱ्या एका बँकेच्या तयारीसाठी. घसारा, ताळेबंद, सगळं पूर्वीसारखंच चोख. मग मी ते नेहमीचं विचारलं, तुझ्या एखाद्या अपयशाबद्दल सांग. तिनं भिंतीकडे पाहिलं.

"नौकानयनाच्या संघात होते मी," ती म्हणाली. "कप्तान."