उन्नूरच्या हातची कणीक

मला लाटता येतं. बाकी काही येवो न येवो, एवढी एक गोष्ट मी छाती ठोकून सांगते. नाताळात आम्ही पानरोटी करतो: पातळ लाटायची, सुरीनं पानांची नक्षी कापायची आणि तळायची. लाटलेल्या रोटीखाली वर्तमानपत्र ठेवलं तर मथळा वाचता यायला हवा; माझ्या रोटीखालून बारीक अक्षरातल्या निधनवार्तासुद्धा वाचता येतात, असं माझा नवरा बाल्दूर साऱ्या गावाला सांगत फिरतो. पण कणीक मळणं हे माझं काम नव्हे. अकरा वर्षं कणीक उन्नूर करायची. उन्नूर म्हणजे माझी सून.

या वर्षी ती येणार नव्हती. माझा मुलगा ओरी आणि ती मार्चमध्ये वेगळे झाले. भांडण नाही, तंटा नाही, "आमचं जमेना, आई," एवढंच. आणि मी शहाणीनं काय केलं? तिला फोन लावला आणि म्हटलं, "आता तुझा आमचा संबंध संपला." जिभेला हाड नसतं, माझ्या तर मुळीच नाही. फोन ठेवतानाच चूक कळली होती. पण माघार घेईल ती हेर्दिस कसली! नऊ महिने गेले, मी फोन केला नाही आणि तिनेही नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आमच्या पानरोटीच्या दिवशी, ओरी दागनीला घेऊन आला. दागनी माझी एकुलती एक नात, नऊ वर्षांची; आजीला ती अम्मा म्हणते. दरवर्षी ही पोर दारातूनच ओरडत यायची, "माझी सुरी कुठाय?" यंदा आली, बूट काढले, टोपी काढली आणि टेबलाभोवतीच्या खुर्च्या मोजल्या.

"अम्मा, चारच?"

"मग काय पाहुणे बोलावू? मी लाटणार, तू नि तुझा बाप नक्षी कापणार, आजोबा गॅरेजमध्ये तळणार. झाले की चार."

तिनं मान डोलावली. मग आजोबांकडे वळून म्हणाली, "आता मला पानरोटीचे दोन दिवस असणार का? एक इथला, एक आईकडचा?"

"दोन-दोन? चंगळ आहे बुवा एका माणसाची!" बाल्दूर म्हणाला.

पोर हसली नाही. "आईकडे आम्ही दोघीच. दोघींत लाटणार कोण आणि तळणार कोण? म्हणून ती म्हणाली, राहू दे यंदा." मग माझ्याकडे न बघता बोलली, "पुढच्या वर्षी मी तिच्याकडेच थांबेन, अम्मा. ती एकटी असते ना."

पोरीचं काय चुकलं? काहीच नाही. आईला एकटं न सोडणारी पोर कुणालाही आवडेल. पण मी ते टेबल डोळ्यांसमोर आणलं, पुढच्या वर्षीचं. तीन म्हातारी तोंडं. हो, ओरीलाही मी म्हाताऱ्यांतच धरते, चाळिशीत पोट सुटलंय त्याचं.

सकाळी मीच मळलेल्या कणकेचा गोळा घेतला. लाटणं उचललं.

पहिली रोटी कडेनं फाटली. दुसरीही फाटली. तिसऱ्या वेळी मी पिठाचा हात घेतला, जोर कमी केला, तोंडातल्या तोंडात दोन शिव्या दिल्या. तरी तेच.

बाल्दूर कढई तापायला ठेवून डोकवायला आला. "वा! हा तर आपल्या देशाचा नकाशा. एकूण एक खाडी आलीय बघ."

"तू आधी तुझी चरबी सांभाळ."

"कुठली? कढईतली की ही?" पोटावर थाप मारून तो म्हणाला. तेव्हा कुठे दागनी हसली.

"आई, दुकानात तयार लाटलेल्या मिळतात. आणू का?" ओरीनं विचारलं.

"विकतच्या? या घरात? आधी मला पूर, मग आण."

दागनीनं कणकेचा गोळा बोटानं दाबून पाहिला. आईची तीच खोड. "अम्मा, तू दूध कोमट घातलंस. आई उकळतं घालते, लोण्यासकट, आणि हात भाजत असतानाच मळते."

"हात भाजत असताना?"

"हो. रडायला येतं, पण मळायचं, असं म्हणते ती."

अकरा वर्षं ती कणीक मी लाटत होते आणि मला हे माहीत नव्हतं. विचारलंच नाही कधी. रोटी चांगली झाली की लोक माझं कौतुक करायचे आणि मीही ते खुशाल घ्यायचे.

"आईला फोन करून विचारू?" दागनी म्हणाली. ओरी एकदम खिडकीबाहेर बघायला लागला.

"मी करते," मी म्हटलं. हात पुसले.

दुसऱ्याच घंटीला तिनं उचलला. "हेर्दिस? दागनी बरी आहे ना?"

"बरी आहे. कणीक फाटतेय."

"दूध उकळतं हवं."

"ते कळलं आता."

मग तीच म्हणाली, "अजून काही?"

"ये."

"कणकेसाठी?"

"कणीक गेली खड्ड्यात! मार्चमध्ये बोलले ते चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, अक्कल गहाण पडली होती. घटस्फोट ओरीनं घेतलाय, उन्नूर. मी नाही घेतला."

ती हळूच म्हणाली, "ओरी आहे ना तिथं? त्याला चालेल?"

मी त्याच्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते त्याचे, लहानपणी व्हायचे तसे. खिडकीतून नजर न हलवता म्हणाला, "तिला विचार, बर्फाचे टायर लावलेत का. पुलापलीकडे निसरडं आहे."

अर्ध्या तासात गाडी आली. उन्नूर दारात उभी राहिली, हातात टॉवेलात गुंडाळलेला मोठा गोळा. वाफ येत होती त्यातून.

"एवढ्यात मळलीस?" मी विचारलं.

"सकाळीच मळली होती," ती म्हणाली. "आज तारीख कुठली ते बघितलं आणि दूध ठेवलं. मळून झाल्यावर लक्षात आलं की न्यायची कुठंय. मग तशीच शेगडीजवळ ठेवून बसले होते." तिनं गोळा पुढे केला. "घे. मी निघते. तुमचं चालू दे."

माझ्या मागे दागनी येऊन उभी राहिली होती. माझ्या एप्रनचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी घेणार नाही. इतकी वर्षं तूच आत आणलीस, तूच आण."

"हेर्दिस..."

"गार होतेय ती. आणि दार उघडं आहे, माझं घर गार होतंय."

उन्नूरनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पोरीच्या मुठीकडे. गोळा तिनं दागनीच्या हातात दिला. मग उंबऱ्याजवळच्या बाकावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.