बारा हुबेहूब कार्डं

झेरॉक्सवाल्याला आपल्या कामाचा भारी अभिमान. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत शेजारी ठेवा, फरक सापडला तर पैसे परत, असं तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. वीस वर्षांत हाताला तेच वळण पडलं होतं आणि नेमका त्या वळणानेच घात केला.

लेकीचा चौदावा वाढदिवस होता. नव्या शाळेत जाऊन तिला चारच महिने झाले होते आणि वर्गातली मुलं पहिल्यांदा घरी यायची होती. खाण्याच्या पदार्थांचा बिंगो खेळायचा, हे तिने आठवडाभर आधीच ठरवलेलं. इंटरनेटवर त्याची कार्डं छापायला तयार मिळतात. पंचवीस चौकोन, प्रत्येकात एक चित्र. चिठ्ठी निघेल ते चित्र खोडायचं, एक ओळ पुरी झाली की ओरडायचं.

"बाबा, बारा कार्डं हवीत. जाड कागदावर," तिने फर्मान सोडलं. मग जरा घुटमळून म्हणाली, "आणि मी त्यांना सांगितलंय की तू ऑफिसात असतोस."

तो "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? दुकान घराच्या बरोबर खाली होतं, पण जिना मागच्या गल्लीतून. मुलांना मागून वर आणायचं, दुकानाचं शटर बंद ठेवायचं, असं पोरीने सगळं आखून ठेवलं होतं. त्याला वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण पोर शाळेत एकटी बसून डबा खाते, हे त्याला त्याहून जास्त लागत होतं. शनिवारी त्याने इंटरनेटवरून घेतलेल्या फाइलचं पहिलं पान छापलं, मशीनच्या काचेवर नीट बसवलं आणि बारा प्रती काढल्या. एकेक निरखून पाहिली. अगदी हुबेहूब.

रविवारी दुपारी बारा मुलं जमली. लेक चिठ्ठ्या काढत होती आणि हा स्वयंपाकघरात बायकोबरोबर बश्या मांडत होता, पण कान सगळे बाहेर. लिंबू झालं, सूप झालं, ऑम्लेट झालं. अकरावी चिठ्ठी टोमॅटोची निघाली आणि बाराच्या बारा मुलं एकदम ओरडली, "बिंगो!"

सगळे एकमेकांच्या कार्डांत डोकावले. "अगं, सगळ्यांची सारखीच आहेत की," वर्गातला लंबू म्हणाला आणि हशा पिकला.

झेरॉक्सवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या फाइलमध्ये आणखी पानं होती, प्रत्येकावर वेगळं कार्ड. त्याने ती उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. लेकीचे कान लालबुंद झालेले त्याला दारातून दिसले. बारा विजेते आणि चॉकलेटचा डबा एकच.

"काकांनी ऑफिसातून काढून आणली का ही?" एका मुलीने विचारलं. तिने आपलं सहज विचारलं होतं, पण लेकीची मान खाली गेली.

तो धडपडत पुढे आला. "त्याचं काय झालं, ऑफिसातल्या शिपायाला सांगितलं होतं. त्याने घोळ घातला. मी स्वतः कधी मशीनला हात लावत नाही ना."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. बोलताना हात चोळत होता आणि नखांच्या कडांना बसलेला टोनरचा काळा रंग सगळ्यांना दिसत होता. सकाळी लेकीसाठी साबणाने तीनदा धुऊनही तो गेला नव्हता. लेक त्या हातांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शिपाई वगैरे कुणी नाही," ती म्हणाली. "बाबानेच काढलीत. खाली झेरॉक्सचं दुकान आहे ना, ते आमचं आहे."

"तुमचं? मग वरच का बसलोय आपण?" लंबू उठलाच. "काका, मशीन बघू या की."

झेरॉक्सवाल्याने लेकीकडे पाहिलं. तिने खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. "चल बाबा, बाकीची पानं काढू."

वरात मागच्या जिन्याने उतरून पुढच्या रस्त्यावर आली. त्याने कुलूप काढलं आणि शटर कमरेइतकं उचलून तो थांबला. अजूनही त्याच्या मनात पोरीचाच विचार होता. "एवढं बास ना?" त्याने हळूच विचारलं. "वाकून जातील सगळे आत."

"नको," लेक म्हणाली. "पूर्ण उघड."