कवच शाबूत

"नोएमी, कारखान्यातली माणसं आधी गाडी बघतात. तुझ्या नवऱ्याला, इवानला कधी मार बसला, तर त्याला तू बघ. एकट्याला झोपू देऊ नकोस," शेजारच्या सिन्योरा इवोन्ने म्हणाल्या होत्या. त्यांचे यजमानही गाड्यांची चाचणी घेणारे. एका दुपारी झोपले, ते उठलेच नाहीत.

नोएमीने हसण्यावारी नेलं. "अहो सिन्योरा, तेव्हा पत्र्याच्या गाड्या होत्या. आता कार्बनचं कवच असतं. आमची विओला जन्मेपर्यंत कारखान्यात मीच त्याची गणितं करत होते की!"

इवान तेव्हा चाचणी घेत होता, ती शर्यतीच्या गाडीचं कवच घालून साध्या रस्त्यावर उतरवायची गाडी. इटलीतल्या मोदेनाजवळचा तो लहानसा कारखाना अशा जेमतेम वीसेक बनवणार होता. शनिवारी सकाळी डोंगरातल्या वळणावर ती घसरली आणि कठड्यावर आदळली. स्टिअरिंगवर इवान, शेजारी आकडे टिपणारा लोरिस.

विओलाला कडेवर घेऊन नोएमी धावत शेडमध्ये पोचली, तर दोघंही गाडीपाशीच उभे. मुकादम आदेल्मो हातातल्या नाण्याने कवचावर टकटक करत, कान लावून ऐकत होता. आतले थर सुटले असले की आवाज बद्द येतो.

"खणखणीत! सगळीकडे खणखणीत!"

टाळ्या पडल्या. लांब्रुस्को वाइनची बाटली उघडली.

"आदेल्मो, माझ्या डोक्यावरही वाजव की एकदा," इवान म्हणाला.

"नको रे बाबा, पोकळ निघालं तर नोकरी जायची तुझी!" लोरिस म्हणाला.

नोएमीही हसली. कवच शाबूत म्हणजे आतली माणसं शाबूत, असंच तिथे धरून चालतात. तरी तिने विचारलंच, "दवाखान्यात जाऊन येऊ या का?"

"अगं, ओरखडा तरी दिसतोय का कुठे?" इवान म्हणाला.

घरी जेवताना इवानने रश्शातला तोर्तेलिनी पास्ता अर्धा टाकला. चमचा ठेवला तो ताटलीच्या बाहेर. विओलाच्या साध्या ठसक्यानेही दचकणाऱ्या नोएमीला ते दिसलं होतं.

"थकलोय गं. जरा पडतो."

पोरीच्या रडण्याने झोपमोड नको, म्हणून तिनेच खोलीचं दार लोटून घेतलं.

उठवायला गेली तेव्हा तो विचित्र घोरत होता. एका डोळ्याची बाहुली भली मोठी झालेली.

इस्पितळात डॉक्टरीणबाई आधी तिच्या शेजारी बसली, मग बोलली. गाडी थांबली, पण कवटीच्या आत मेंदूला हिसका बसला होता. रक्त हळूहळू साचत गेलं. आणायला उशीर झाला. इवान गेला.

थोड्या वेळाने बाईने हळूच विचारलं, "गाडीत आणखी कोणी होतं का?"

नोएमीचं रडणं जागच्या जागी थांबलं. लोरिसचा फोन नुसता वाजत राहिला. विओलाला सोबत आलेल्या सिन्योरा इवोन्नेंच्या मांडीवर देऊन तिने फोनवर मिळेल त्या सगळ्यांना लिहिलं:

"तुम्ही सेर्रामाझ्झोनी गावात आहात का? चर्चच्या मागे पिवळ्या इमारतीत, तळमजल्यावर लोरिस राहतो. एकटाच. फोन उचलत नाहीये. अँब्युलन्स निघालीय, पण घाट चढायला वेळ लागेल. तुम्ही आत्ता जा. झोपलेला दिसला तर परत फिरू नका. काच फोडा, आत शिरा, त्याला हलवून बघा."