पाळण्याखालची पानं

बायकोच्या वाचनाच्या आड येणारा नवरा माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, असं त्याने सुट्टीच्या पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि तो झोपला.

ती शिक्षिका. वर्षभर उत्तरपत्रिकांखेरीज काही वाचलेलं नव्हतं. आता सातवा महिना, शाळा बंद. पाठीशी उशी घेऊन ती खुनाची कादंबरी वाचू लागली. कादंबरीतल्या नवऱ्यावर तिचा पहिल्यापासून संशय होता. ऐन खुनी सापडायच्या वेळी पुस्तकच संपलं. शेवटची पानं कुणीतरी फाडली होती.

"अरे, यातली पानं कुठायत?"

"ती होय? नवीन पाळणा डुगडुगत होता, पायाखाली घातली. बाळासाठीच ना गं!"

"मग शेवटचीच का?"

"पहिली फाडली असती तर तुला लगेच कळलं असतं."

म्हणजे साहेबांनी विचार करून फाडली होती. याच माणसाच्या भरवशावर आपण आई व्हायला निघालो, या विचाराने तिच्या पोटात खड्डा पडला. आत जागा नसतानाही.

ती कशीबशी खाली बसली आणि तिने पानं ओढून काढली. कादंबरीतला नवरा निर्दोष होता.

पाळणा आधीइतकाच डुगडुगत राहिला. फरशीच उंचसखल होती.