खिडकीतला घेवडा

बाग करणं म्हणजे थोरलीच्या लेखी मारामारीच. वसंताचं ऊन पडल्यापासून तिने परसाला सुखाने बसू दिलं नव्हतं. गवताच्या मुळ्या हिसडून काढल्या, ढेकळं कुदळीने फोडली, पालकावर चढणाऱ्या गोगलगायी कात्रीने कचाकच कापल्या. मटणाच्या दुकानात पंधरा वर्षं सत्तूर चालवलेली बाई ती. हात हलका ठेवणं तिला कुठून जमणार?

आई हिवाळ्यात गेली. तिच्याशी कडाक्याचं भांडून थोरलीने चार वर्षं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आली ती आईला पोचवायलाच, आणि मग मागच्या खोलीत राहिली. धाकटी दवाखान्यात नर्स. आईचं सगळं तिनेच केलं. त्याबद्दल ती चकार शब्द काढत नसे, आणि थोरलीला विचारायची छाती होत नसे.

थोरलीला हवा होता आईचा लाल ठिपक्यांचा घेवडा. बाजारात तो मिळत नाही. आई दरवर्षी शेंगा वाळवून बी राखायची. डबा उघडला तर तळाशी जेमतेम बत्तीस बिया. एवढ्याच कशा, म्हणून ती धाकटीवर मनातल्या मनात चरफडली. पण आई करायची तशाच तिने त्या संध्याकाळी वाडग्यात भिजत घातल्या आणि वाडगं स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. या उगवल्या तर आईने आपल्याला माफ केलं, असं तिने धरूनच टाकलं होतं. वेडेपणा खरा, पण माफी मागायला दुसरं कोण उरलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती चर खणत होती, वेलासाठी काठ्या ठोकत होती. दुपारी धाकटी सूपचं भांडं घेऊन बाहेर आली.

"ताई, किती राबशील? गरम आहे तोवर पी."

धाकटीने आपणहून काही आणून द्यायची ही पहिलीच वेळ. थोरलीला बरं वाटलं. दोन घोट घेतले आणि दाताखाली काहीतरी मऊ फुटलं. तिने ते तळहातावर थुंकलं. लाल ठिपका पुसट झाला होता, पण ओळखू येत होता.

"खिडकीतलं वाडगं घेतलंस?"

"हो, दाणे भिजलेलेच होते. म्हटलं..."

भांडं धाकटीच्या कपाळावर बसलं. ती पडली, तशी थोरलीने तिला केसांना धरून चरापर्यंत फरफटत नेलं आणि तोंड मातीत दाबलं. धाकटीही काही कमी नव्हती. रोग्यांना एकटीने उचलणारे हात तिचे. तिने काठी उपटून थोरलीच्या कानशिलात हाणली आणि मनगटाचा असा चावा घेतला की दात हाडाला लागले. थोरलीने तिच्या बोटांवर टाच दिली. कडकन आवाज झाला. मग तिने कुदळ उचलली.

"मार!" धाकटी रक्त थुंकत ओरडली. "आईला शेवटी दुसरं काही गिळत नव्हतं. याच वाडग्यात, याच खिडकीत मी रोज मूठभर भिजवायचे. तू भिजत घातलेस, मला वाटलं, तुलाही तेच खावंसं वाटतंय!"

"बी होतं ते! लावायचं बी!"

"मीही तेच म्हटलं तिला. बी संपेल म्हटलं. काय म्हणाली ठाऊक आहे? 'लावणारी येत नाही. शिजव.'"

कुदळ उगारलेलीच राहिली. एवढ्या वर्षांत थोरलीला कोणी असं मारलं नव्हतं. मग कुदळ हातातून गळाली.

ती गुडघ्यांवर बसली आणि चिखलात सांडलेला घेवडा वेचू लागली. मनगटातलं रक्त ठिबकत होतं. सापडला तो एकेक दाणा तिने वीतभर अंतराने चरात ठेवला.

"शिजलेलं उगवत नाही, ताई."

"माहीत आहे."

धाकटी सरकत चरापाशी आली. मग मोडलेली बोटं छातीशी धरून, धड हाताने तिने चरात माती लोटायला सुरुवात केली.