अदलाबदलीतली माशी

मी माशी बोलतेय. हात उगारू नका, मी उडणारी नाही. भुणभुण करत नाही आणि साखरेच्या डब्याशी माझं काही देणंघेणं नाही. हरणाचे केस, कोंबड्याची दोन पिसं, लाल दोरा आणि एक गळ, एवढ्यावर माझा संसार. तळ्याच्या पाण्यावर पडायचं, तडफडल्याचं नाटक करायचं आणि बास माशाला फसवायचं, हे माझं काम. बास म्हणजे हिरवट अंगाचा, भल्यामोठ्या जबड्याचा मासा. बेडूक असो, किडा असो, वर काही हललं की तो खालून येऊन गपकन गिळतो. निदान गिळतो असं म्हणतात.

आमच्या गावात दहा-बारा माणसं अशा माश्या घरी बांधतात. वर्षातून एकदा एकत्र जमतात आणि अदलाबदल करतात. प्रत्येकाने स्वतः बांधलेल्या एकाच जातीच्या, सगळ्यांना पुरतील इतक्या माश्या आणायच्या, प्रत्येकाला एकेक द्यायची आणि जाताना सगळ्यांची एकेक घेऊन जायची. विकायचं नाही, विकत आणायचं नाही. नियम एवढाच.

या अदलाबदलीबद्दल ठिणगीच्या मनात फार मोठं चित्र होतं. ठिणगी ही या मंडळींतल्याच, नळदुरुस्ती करणाऱ्या बाबांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून पटकन पेट घ्यायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. कितीतरी वर्षं ती लांब शिकायला होती. तिथे मित्रमैत्रिणींना ती सांगायची, की माझ्या गावात अजून हाताच्या कामाला मान आहे, तिथे माणसं पैशाशिवाय देतात-घेतात. परत आल्यावर या मंडळींना जगासमोर आणायचं, शाळांमध्ये न्यायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. आणि प्रत्यक्षात दिसलं काय? वाचनालयामागची एक खोली, एक डुगडुगणारं टेबल, बिस्किटाच्या डब्यात कोंबलेल्या माश्या आणि गुडघेदुखीवर चाललेली चर्चा. पण ते सगळं पुढे. आधी माझा जन्म.

मी जन्मले घड्याळांच्या दुकानात. दुकान इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने पोट आत घ्यावं. भिंतीभर घड्याळं आणि प्रत्येकाचा वेळेबद्दल वेगळा आग्रह. दुकानाचे मालक घड्याळवाले काका. एके काळी म्हणे लोक लांबलांबून घड्याळं घेऊन यायचे. आता काका पट्टे बदलतात, सेल घालतात. कारण त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं बसलंय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. बोलताना ते माणसाच्या कानाकडे बघतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा शिष्ट आहे.

मला करायला त्यांना फार वेळ लागला. टेबलाला बसवलेल्या छोट्या पकडीत गळ अडकवला, मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बघत केस बांधायला घेतले. दोरा आवळला की केस चहूबाजूंनी फुलतात, मग ब्लेडने कापून त्यांना गोल आकार द्यायचा. दोरा तुटला. पुन्हा बांधला, पुन्हा तुटला. ब्लेड बोटाला लागलं. शेवटी झाले, ती अशी झाले: एका बाजूने लिंबासारखी गोल, दुसऱ्या बाजूने उंदराने कुरतडल्यासारखी. काकांनी मला अंगठ्याने चाचपलं.

"काय ध्यान झालीयस गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मग त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. त्यात माझ्याच जातीच्या माश्या होत्या, एकसारख्या, साच्यातून काढल्यासारख्या. दुसऱ्या गावच्या दुकानातून आणलेल्या. काकांच्या माशीचं डोकं कायम लाल असायचं, तीच त्यांची ओळख. म्हणून त्या प्रत्येकीच्या डोक्यावर त्यांनी लाल वार्निशचा ठिपका दिला. दुकानाचं दार लोटलेलं होतं. कोणी यायच्या आत उरकायचं, अशी त्यांची घाई चालली होती.

मला मात्र त्यांनी वेगळ्या काडेपेटीत ठेवलं. "तू त्या पोरीला," म्हणाले. "लांबून आलीय ती. तिला तरी खरी देऊ."

तेव्हा मला अभिमान वाटला. पुढे वाटलं, त्यांनी मला कचऱ्यात टाकलं असतं तर बरं झालं असतं.

अदलाबदलीच्या दिवशी काडेपेटीच्या फटीतून मी सगळं ऐकत होते. काका खोलीत शिरले आणि त्यांचा आवाजच बदलला. दुकानात ते कुजबुजल्यासारखे बोलायचे, इथे गडगडून हसत होते. इथे त्यांना खुर्ची ठरलेली होती. कोणी त्यांना पट्टा बदलून मागत नव्हतं. बायको गेल्यापासून आणि नजर गेल्यापासून एवढी एकच जागा त्यांना उरली होती, जिथे लोक त्यांची वाट बघायचे.

"या काका, आज उशीर? घड्याळ बंद पडलं का?" बस चालवणारे ड्रायव्हरभाऊ म्हणाले.

"माझं चालू आहे. तुझी बस कधी वेळेवर येते ते सांग."

"झालं यांचं सुरू," बेकरीवाली मावशी म्हणाली. "गेल्या वर्षी ड्रायव्हरने दिलेली माशी पाण्यात पडल्या पडल्या सुटून विरघळली. मला वाटलं, माझंच बिस्किट टाकलं की काय!"

सगळे हसले. ठिणगीही हसली, पण मनातून ती खट्टू झाली होती. तिने कौतुकाने एकेकाला विचारायचा प्रयत्न केला होता, की तुम्हाला ही कला कोणाकडून मिळाली, हिचं पुढे काय होणार. ड्रायव्हरभाऊ म्हणाले होते, "पुढे काय होणार, मासा खाणार." तिला कोणीतरी गंभीरपणे बोलणारं हवं होतं.

तेवढ्यात काकांनी वाटप केलं आणि काडेपेटी तिच्या हातात दिली. "ही तुझी. रूपाकडे बघू नकोस."

तिने मला तळहातावर घेतलं. इतक्या जवळून, इतक्या प्रेमाने माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. माझे वेडेवाकडे केस, दोऱ्याच्या गाठी, काकांच्या बोटातल्या रक्ताचा सुकलेला डाग, सगळं तिने बघितलं. मग शेजारी बाबांपुढे पडलेली काकांची दुसरी माशी उचलली. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. त्या माशीच्या डोक्यावरचं लाल वार्निश नखाने खरवडलं. खाली काळा दोरा निघाला.

"काका," ती म्हणाली, "ही माझी तुम्ही केलीत ना?"

"हो."

"मग बाकीच्या कोणी केल्या?"

टेबलाखाली बाबांनी तिच्या पायावर पाय दिला. मावशी घाईघाईने म्हणाली, "अगं, चहा घे आधी, निवतोय."

पण ठिणगी पेटली होती. "नाही मावशी, बघा ना. या कारखान्यातल्या आहेत. वरून रंग लावलाय. आणि ही बघा, ही खरी!" तिने मला उंच धरलं. "हाताने केलेलं असं दिसतं. मी याच्यासाठी परत आले. विकतच्याच वाटायच्या असतील, तर आपण इथे जमतो कशाला?"

तिला माझं कौतुक करायचं होतं, यावर माझा आजही विश्वास आहे. तिच्या डोळ्यांत लबाडीचा लवलेश नव्हता. पण मी तिच्या बोटांत पुराव्यासारखी लटकत होते आणि खोलीतलं प्रत्येक माणूस आपापल्या कपात बघत होतं.

काका तिच्या कानाकडे बघत राहिले. "बरोबर आहे पोरीचं," ते म्हणाले. "नियम नियम आहे."

मग ते उठले आणि टेबल चाचपत एकेकाकडून आपल्या माश्या परत मागू लागले. बाबांनी दिली. मावशीने डोळे पुसत दिली. ड्रायव्हरभाऊंनी मूठ घट्ट मिटली.

"मी नाही देणार. मला दिलीत, माझी झाली."

"दे रे बाबा, तमाशा नको."

"तमाशा तुम्ही करताय! बसा खाली!"

काका बसले नाहीत. "पुढच्या वर्षी मला धरू नका," एवढं बोलले आणि दाराची चौकट हाताने शोधत बाहेर पडले. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. मी ठिणगीकडेच राहिले.

घरी संध्याकाळी बाबा भांडी घासत होते आणि ती पुसत होती. मी तिच्या शर्टाच्या खिशात होते.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"सगळ्यांना माहीत होतं. हे काय आजचं आहे?"

"मग कोणी बोललं का नाही?"

"बोलून काय, त्याची नजर परत येणार होती?" बाबांनी ताट जरा जोरातच आपटलं. "दर वर्षी आम्ही त्याच्या माशीवर मासे धरायचो आणि दुकानात जाऊन सांगायचो. तो विचारायचा, पाण्यात कशी चालते, कशी बसते. अर्धा अर्धा तास. त्याला तळं दिसत नाही आता. आमच्या तोंडून बघायचा."

"म्हणजे खोटं खोटं सांगायचात?"

"खोटं कशाला? मासे खरेच लागायचे. कारखान्याची माशी चांगली असते गं, ड्रायव्हरच्या माशीपेक्षा तर कितीतरी चांगली."

ठिणगीला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. "मी उद्या जाऊन त्यांची माफी मागते."

"काय म्हणशील? काका, तुम्हाला दिसत नाही हे मी सगळ्यांसमोर उघडं पाडलं, माफ करा? आज एकदा ऐकलंय त्याने. उद्या पुन्हा ऐकवणार?"

मोठमोठ्या सभांमध्ये उत्तरं देणारी मुलगी हातातलं कोरडं भांडं पुसत राहिली.

तिने मला एका काचेच्या बरणीत ठेवलं आणि बरणी पुस्तकांच्या कपाटात. तिला वाटलं, हा माझा सन्मान. मी आतून ओरडत होते, की बाई, मला शोभेला ठेवू नकोस. मी जशी आहे तशी पाण्यासाठी झाले. त्या माणसाने बोट कापून घेतलं ते कपाटासाठी नाही. पण माशीचं कोण ऐकतं? निदान त्या वेळी तरी मला असंच वाटलं.

सकाळी तिने बरणी उघडली. बाबांची गळाची काठी घेतली, तंगुसाच्या, म्हणजे तिच्या नायलॉनच्या दोरीच्या टोकाला मला बांधलं आणि तळ्यावर गेली. धुकं नुकतंच उठत होतं. लव्हाळ्याच्या कडेला तिने मला फेकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पाणी लागलं.

काय सांगू तुम्हाला! केस फुलले, पिसं हलली, मी जिवंत झाले. तिने दोरी हलकेच ओढली आणि मी चालू लागले. सरळ नाही. लिंबासारखी बाजू वर, कुरतडलेली बाजू खाली, मी उजवीकडे कलंडत, खुरडत निघाले. तिने पुन्हा फेकलं, पुन्हा कलंडले. एकदा खालून एक बास वर आला. त्याचा जबडा मला दिसला. त्याने मला नीट न्याहाळलं आणि शेपटी फिरवून निघून गेला.

ठिणगी काठावर तशीच उभी राहिली. हा मासा मला लागला असता, तर सोपं होतं. दुकानात जाऊन आनंदाची बातमी देता आली असती. आता सांगण्यासारखं तिच्याकडे फक्त हे कलंडणं होतं. खोटं कौतुक तिला जमलं नसतं आणि खरं बोलून काल तिने एका माणसाची खुर्ची हिरावली होती. तिने दोरी गुंडाळत मला काठावर घेतलं.

मग तिने ठरवलं. माफीचा शब्द काढायचा नाही. मला तशीच ओली घेऊन दुकानात जायचं, स्टूल ओढून समोर बसायचं आणि बेकरीवाल्या मावशीने ड्रायव्हरभाऊंशी भांडावं तसं भांडायचं: काका, तुमची ही माशी उजवीकडे कलते, माझा मासा गेला, आता बोला, कुठले केस कापायचे?

ते बोलतील की दार लोटून घेतील, मला ठाऊक नाही. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली, तरी मला नवल वाटणार नाही. तुम्हाला एवढंच सांगते, तुमच्या हाती अशी एखादी वेडीवाकडी वस्तू आली, तर तिला उंच धरून कोणाला दाखवू नका. वापरा, आणि जमली नाही तर जिने केली तिच्याशी, ज्याने केली त्याच्याशी जाऊन भांडा.

दुकान उघडायची वेळ झालीय. ठिणगी रस्त्याने भरभर चाललीय. मी तिच्या मुठीत आहे आणि माझ्या अंगातून अजून तळ्याचं पाणी गळतंय.