रिकाम्या शंखात कोण सरकते

मित्रांनो, मला कानाला लावण्याची घाई करू नका. आधी माझे थोडे ऐकून घ्या. मी एक जुना शंख आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझी जागा आहे. माझ्या ओठाचा एक टवका उडालेला आहे, पाठीवरचे तपकिरी पट्टे उन्हाने फिके पडले आहेत आणि माझ्या आत कोणी राहत नाही. हे शेवटचे नीट लक्षात ठेवा, कारण त्यावरूनच पुढे सगळे घडले.

मला कुणा कारागिराने घडवलेले नाही. समुद्राच्या तळाशी एक मऊ, बिनहाडांचा जीव होता. तो डाळीच्या दाण्याएवढा होता तेव्हा मीही तेवढाच होतो. माझे हे टोकदार शेपूट आहे ना, ते माझे बाळपण. पाण्यातला चुना घेऊन तो आपल्या अंगातून मला घडवत राहिला. तो वाढला की माझ्या ओठाशी एक नवी कड घालायचा. मी काही त्याचा अंगरखा नव्हतो, मनात आले की काढून ठेवायला. आतल्या माझ्या खांबाला तो घट्ट धरून असायचा. जरा कुठे खुट्ट झाले की आत सरकायचा आणि आपल्यामागे झाकण ओढून घ्यायचा. ते सरकणे मी विसरलेलो नाही. आजही मधूनच वाटते, आत कोणीतरी सरकते आहे. मग कळते की खिडकीतून वारा आला.

एक दिवस तो मेला. मी मात्र उरलो. मग एक खेकडा आला. त्याचे पोट मऊ आणि स्वतःचे घर बांधायची अक्कल नाही, त्यामुळे ओळख ना पाळख, सरळ पाठमोरा माझ्यात शिरला. दिवसभर खरवडाखरवड चालायची. अंगाने भरल्यावर त्याला दुसरा ऐसपैस शंख दिसला, तसा त्याने पाय काढता घेतला. निरोपसुद्धा घेतला नाही. मालक आणि भाडेकरू यांतला हा फरक ध्यानात असू द्या. एका मोठ्या माणसाला तो कळला नाही आणि त्या घरात फार रडारड झाली.

मला वाळूतून उचलले ते एका लहान मुलीने. ती मोठी झाली, लग्न करून या घरात आली, तेव्हा सामानात मीही होतो. मुंगीची आई ती. मुंगी हे काही खरे नाव नाही, पण सतत काहीतरी गोळा करत फिरणाऱ्या त्या पोरीला दुसरे नाव शोभलेही नसते. खिडकीचे दार आपटू नये म्हणून आई मला फटीत अडकवायची. पाहुणे मला कानाला लावून म्हणायचे, "अरे वा, समुद्र!" माझ्यात समुद्राचा थेंबही नव्हता, पण कौतुक कोणाला नको असते? आई खिडकीशी खुर्ची टाकून विणत बसायची. पुढे ती आजारी पडली. मग माझा गार गाल ती आपल्या तापलेल्या गालाला लावून ठेवायची. एका सकाळी तिने मला मागितले नाही. त्या दिवशी घरात खूप चपला आल्या आणि गेल्या. खिडकी कोणीतरी लावून घेतली, ती लावलेलीच राहिली.

चार दिवसांनी मुंगीने बाबांना विचारले, "आई कुठे गेली?"

बाबा आईचा कप विसळत होते. चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारा हा माणूस, दुसऱ्याला लख्ख दिसावे म्हणून दिवसभर झटायचा. त्या वेळी मात्र त्याला तोंड चुकवायला जागा हवी होती. बाबांची नजर माझ्यावर पडली.

"शंखातला जीव शंख सोडून जातो ना, तशी गेली. मी लहानपणी समुद्रावर स्वतः पाहिलंय."

"मग तो परत येतो?"

"येत असेल," बाबा म्हणाले आणि नळ मोठा केला.

तेवढ्यावर त्या पोरीने अख्खे घर राखायला घेतले. आईच्या खुर्चीवर कोणी बसायचे नाही. आईने स्वतःसाठी विणलेला निळा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या बाह्या ती रोज सरळ करायची, आत शिरायला सोपे जावे म्हणून. माझ्यापुढे रोज मिठाच्या पाण्याची बशी यायची. पाणी सुकून बशीत पांढरी वर्तुळे उरायची. शाळेत जाणेही तिने सोडले, कारण ती शाळेत असताना आई आली तर? बाबा हे सगळे बघायचे आणि तोंडातून ब्र काढायचे नाहीत. संध्याकाळी दोघे जेवायला बसत, तेव्हा तिसऱ्या खुर्चीवरचा तो स्वेटर अगदी कोणीतरी पाठमोरे बसल्यासारखा दिसायचा. खरे सांगतो, मला त्याची भीती वाटायची.

शाळा बुडते म्हणून आत्या दुपारी शिकवायला येऊ लागली. ती कापडाच्या कारखान्यात नक्षी काढायची, त्यामुळे कुठलीही गोष्ट चित्र काढून सांगायची. एकदा तिने टेबलावर शिंपला मांडला, आठ हातांच्या ऑक्टोपसचे चित्र काढले आणि मला मध्ये ठेवले.

"हे सगळे एकाच घराण्यातले. मृदुकाय म्हणतात यांना. मऊ अंगाचे."

"हा कुठे मऊ आहे?" मुंगीने मला टकटक वाजवले.

"हा नाही गं, याच्या आतला."

"तो बाहेर गेलाय," मुंगी म्हणाली. आत्याला वाटले, पोर गमतीने बोलते आहे. ती हसली आणि पुढे शिकवू लागली.

दुसऱ्या दिवशी आत्याने कुंडीखालून एक जिवंत गोगलगाय आणली. पसरट काचेच्या भांड्यात ओली माती, कोबीचे पान आणि वर भोकांचे फडके, असा तिचा संसार थाटला. मुंगीने मलाही त्यात ठेवले. "तुझ्या घरापेक्षा मोठं घर आहे. जा की," ती गोगलगायीला म्हणाली.

गोगलगाय खरेच आली. तिचे गार, ओले पाऊल माझ्या ओठावर टेकले आणि किती वर्षांनी माझ्या आत एक मऊ अंग जरासे डोकावले. मित्रांनो, शंखाने आशा करू नये, पण मी केली. मला वाटले, आला. माझा तो परत आला. तिने शिंगे हलवून अंधार तपासला, मग ती मागे वळली आणि कोबी खायला निघून गेली. काचेपलीकडून मुंगी बघत होती. तिचा चेहरा पाहून मला माझेच दुःख दिसले.

एका दुपारी आत्या मागे कपडे वाळत घालत होती. मुंगीने गोगलगाय हातात घेतली. दुसऱ्या हातात आईची केसांची पिन होती. ती समजुतीने बोलत होती. "घाबरू नको. थोडा वेळ बाहेर ये आणि लगेच परत जा. मला फक्त बघायचंय." गोगलगाय आत सरकली. पिन आत गेली. कड तुटल्याचा बारीक आवाज आला. ओरडायला मला तोंड आहे, आवाज नाही.

आत्या धावत आली. "अगं, काय करतेस! सोड आधी तिला!"

"बाहेर काढतेय. परत जाईल ती. बाबा म्हणालेत."

"बाहेर काढलीस तर मरेल, मुंगे. शंख तिच्या अंगाचाच आहे. तुझं नख तुझं आहे ना, तसा. तो सोडून ती कुठेच जात नाही."

"बाबांनी पाहिलंय!"

बाबा नुकतेच दुकानातून येऊन दारात उभे होते. "पाहिलंय खरं," ते चाचरत म्हणाले. "शंखातून निघाला आणि तुरुतुरु चालत गेला."

"तुरुतुरु? दादा, तो खेकडा असणार रे. रिकाम्या शंखात राहायला आलेला."

मुंगीने मला उचलले. "मग यातला जीव?"

"तो मेला," आत्या हळू आवाजात म्हणाली. "म्हणून तर हा रिकामा आहे."

मुंगीने बाबांकडे पाहिले. "आणि आई?"

बाबांची नजर पुन्हा माझ्याकडे वळली. माझा जीव टांगणीला लागला. आणखी एकदा "येत असेल" म्हटले असते, तर हे घर कायमचे तसेच राहिले असते. ते जमिनीवर बसले, तिच्यासमोर.

"आई मेली, मुंगे. ती येणार नाही. मला बोलवेना, म्हणून मी कायतरी सांगितलं."

त्या पोरीने रडून घर डोक्यावर घेतले. बाबांनी तिला गप्प केले नाही. तेही रडले. आत्याने गोगलगाय अलगद मातीवर ठेवली आणि ती नळाखाली अंड्याची टरफले धुऊन त्यांची पूड करू लागली, कारण तिलाही हाताला काहीतरी काम हवे होते.

बरेच दिवस गोगलगाय बाहेर आली नाही. मुंगी रोज पान बदलायची, शंख जोडायला चुना मिळावा म्हणून टरफलांचा चुरा घालायची, पण हात लावायची नाही. मग एका सकाळी शिंगे दिसली. हळूहळू तुटल्या जागी एक पातळ, फिकट कड आली. जोड लपला नाही, पण घर पुन्हा बंद झाले. मग आत्या आणि मुंगी तिला कुंडीखाली सोडून आल्या. माझा टवका मात्र तसाच राहणार. तो भरून काढणारे आत कोणी नाही.

त्याच दिवशी मुंगीने माझ्या आत बोट फिरवले. "हे एवढं सगळं त्या आतल्यानंच केलं?"

"एकेक कड," आत्या म्हणाली.

मुंगीने खुर्चीकडे पाहिले. मग ती उठली आणि तिने स्वेटर अंगात घातला. बाह्या गुडघ्यांपर्यंत आल्या. बाबा एकेक घडी घालत बाह्या दुमडत राहिले, शेवटी आतून तिची बोटे बाहेर आली.

मित्रांनो, वाळूत शंख दिसला तर आधी आत कोणी आहे का बघा. असेल तर तिथेच राहू द्या, त्याला ओढू नका. नसेल तर जपून घरी न्या, पण त्याच्यापुढे बशी ठेवू नका. आणि मला कानाला लावलेत, तर ऐकू येईल तो तुमच्याच घरातला आवाज असेल.

आता खिडकी उघडी असते आणि मी पुन्हा फटीत अडकून बसतो. मुंगी शाळेतून येते, आईच्या खुर्चीत बसून अभ्यास करते. वारा आला की माझ्या आत कोणीतरी सरकते. मुंगी मान वर करते. मीही कान देतो. मग ती निळी बाही कोपरापर्यंत सारते आणि पुन्हा लिहू लागते.